सीईटीच्या दिवशी परीक्षा केंद्रावर काय काय घडते

बारावीची बोर्डाची परीक्षा विद्यार्थी बहुधा ओळखीच्या परिसरात, स्वतःच्या पेनने आणि कागदावर देतो. त्यानंतर काही आठवड्यांतच येणारी एमएचटी-सीईटी, म्हणजे अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची महाराष्ट्राची सामायिक परीक्षा, मात्र त्याला अनोळखी शहराच्या वेशीवरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रयोगशाळेत, कधीही न हाताळलेल्या संगणकासमोर बसवते. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना मी दर वर्षी परीक्षा देऊन परतलेल्या मुलांशी बोलतो. अवघड गणितांपेक्षा पत्ता शोधण्यात, ओळखपत्रावरून झालेल्या गोंधळात आणि पडद्यावरची बटणे समजून घेण्यात आपली शक्ती खर्ची पडली, अशी खंत त्यांच्या बोलण्यात अधिक असते. हा सगळा क्रम ठरलेला असतो आणि तो आधी माहीत करून घेता येतो. तो माहीत असला की परीक्षेचे 180 मिनिटे फक्त प्रश्नांसाठी उरतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुढच्या अनेक सूचना परीक्षेच्या रचनेवर अवलंबून असल्याने प्रथम ती रचना पाहू. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे घेतली जाणारी ही परीक्षा 2019 पासून संगणकावर होते. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात भौतिकशास्त्राचे 50 आणि रसायनशास्त्राचे 50 प्रश्न एकत्र असतात, प्रत्येकाला 1 गुण असतो आणि त्यांच्यासाठी 90 मिनिटे मिळतात. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे असून त्यांच्यासाठी वेगळी 90 मिनिटे असतात. पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गटात गणिताच्या जागी जीवशास्त्राचे 100 प्रश्न येतात. एकूण गुण 200. सुमारे 20 टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमावर आणि उरलेला बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांसाठी मराठी माध्यम निवडता येते, परंतु गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने गणिती संज्ञा इंग्रजीतून वाचण्याची सवय आधीच करून घेतलेली बरी.

आदल्या दिवशीचे मुख्य काम म्हणजे प्रवेशपत्र, म्हणजेच हॉल तिकीट, शांतपणे बसून पूर्ण वाचणे. दिनांक आणि केंद्राचे नाव सगळेच पाहतात, पण परीक्षेचे सत्र सकाळचे की दुपारचे, केंद्रावर हजर राहण्याची वेळ कोणती आणि फाटक बंद होण्याची वेळ कोणती, या तीन गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात आणि नेमक्या त्याच घाईत वाचल्या जातात. पेपर सुरू होण्याची वेळ हीच पोहोचण्याची वेळ समजणारा विद्यार्थी दर वर्षी कोठे ना कोठे फाटकाबाहेर राहतो. पत्ताही असाच शब्द न् शब्द वाचावा. माझा एक विद्यार्थी ज्या शैक्षणिक संकुलात गेला तेथे एकाच संस्थेची तीन महाविद्यालये होती आणि तिघांच्याही नावाची सुरुवात एकसारखी होती. तो तंत्रनिकेतनाच्या इमारतीसमोर अर्धा तास उभा राहिला, आणि त्याचे केंद्र संकुलाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात निघाले. शक्य असेल तर आदल्या दिवशी केंद्र पाहून यावे. ते शक्य नसेल तर नकाशावर केवळ शहर न शोधता इमारत शोधावी आणि एसटी स्थानकापासून तेथे रिक्षाने किती वेळ लागतो हे स्थानिक माणसाला विचारून घ्यावे. अशी केंद्रे अनेकदा महामार्गालगत, गावाबाहेर असतात आणि सकाळच्या सत्राआधी तेथे जाणारी वाहने कमी असतात.

प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र या दोन वस्तूंवाचून आत जाता येत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स किंवा मोबाइलमधले छायाचित्र पुरेल अशा भरवशावर राहू नये. ओळखपत्रावरील आणि अर्जावरील नाव जुळते का हेही पाहावे. आपल्याकडे आधार कार्डावर वडिलांचे नाव मध्ये असणे किंवा नसणे, आडनाव आधी किंवा शेवटी येणे असे फरक सर्रास आढळतात. असा फरक परीक्षेच्या सकाळी लक्षात येण्यापेक्षा काही दिवस आधी लक्षात आला तर प्रवेश परीक्षा कक्षाच्या मदत केंद्राकडे विचारणा करता येते. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक किंवा वाढीव वेळ हवा असेल तर त्याची नोंद आणि प्रमाणपत्रे आधीच दिलेली असावी लागतात. ऐन वेळी केंद्रप्रमुखाच्या हातात फारसे काही नसते.

परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत येते. विदर्भात आणि मराठवाड्यात या दिवसांत ऊन भयंकर असते, म्हणून दुपारच्या सत्राला जाणाऱ्याने डोक्यावर काहीतरी घ्यावे, पाणी प्यावे आणि नेहमीच्या सवयीचे हलके जेवण करून निघावे. कपडे साधे असावेत. दागिने, धातूचे मोठे बक्कल आणि अनेक खिशांचे कपडे घातले की झडतीला वेळ लागतो आणि मनही विचलित होते.

फाटकावर सहसा लांब रांग असते. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र पडताळले जाते, झडती होते, मोबाइल, कोणत्याही प्रकारचे घड्याळ, गणकयंत्र आणि कागदाचा चिटोराही बाहेर ठेवावा लागतो. सामान सांभाळण्याची सोय प्रत्येक केंद्रावर सारखीच असेल असे नाही. त्यामुळे मोबाइल आणि पिशवी सोबत आलेल्या पालकांकडेच द्यावी, आणि एकट्याने जायचे असेल तर मौल्यवान काही नेऊच नये. यानंतर छायाचित्र काढणे, बोटांचा ठसा घेणे अशी ओळख पटवण्याची कामे होतात. मेंदीमुळे किंवा घामामुळे ठसा पहिल्या वेळी उमटला नाही तर घाबरून जाऊ नये. हात कोरडा पुसून पुन्हा प्रयत्न करू दिला जातो.

प्रयोगशाळेत जागा ठरवून दिलेली असते. बसल्यावर आधी माऊस नीट चालतो का, पडदा स्पष्ट दिसतो का, खुर्ची डगमगत नाही ना हे तपासावे. तक्रार असल्यास याच वेळी हात वर करावा, कारण पेपर सुरू झाल्यावर जागा बदलण्यात मन विस्कटते. पडद्यावर आपले नाव आणि छायाचित्र दिसते. ते आपलेच आहे ना, गट पीसीएम आहे की पीसीबी आणि भाषा आपण निवडलेलीच आहे ना, हे पाहूनच पुढे जावे. आकडेमोडीसाठी कोरा कागद तेथेच मिळतो. सूचनांचे पान उघडले की बहुतेक मुले खाली जाऊन खूण करून मोकळी होतात. मी मात्र ते पान वाचण्याचा आग्रह धरतो, कारण रंगांचा आणि बटणांचा अर्थ तेथेच दिलेला असतो.

या बटणांविषयी थोडे थांबून सांगतो, कारण कमावलेले गुण येथेच निसटतात. पर्यायासमोरच्या वर्तुळावर क्लिक केले म्हणजे उत्तर नोंदले गेले असे समजू नये. ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ हे बटण दाबल्यावरच ते साठवले जाते. उत्तर निवडून, हे बटण न दाबता, बाजूच्या आकड्यांच्या चौकटीतून थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली तर आधीचे उत्तर वाया जाऊ शकते. त्या चौकटीत सर्वसाधारणपणे उत्तर दिलेला प्रश्न हिरवा, पाहून सोडलेला लाल आणि पुन्हा पाहण्यासाठी राखलेला जांभळा दिसतो. उत्तर न देता नुसती जांभळी खूण केलेले प्रश्न नंतर पाहायचे राहून गेले तर ते कोरेच राहतात. त्यामुळे शंका असली तरी एक पर्याय निवडून साठवावा आणि मगच पुढे जावे. परीक्षेआधी संगणकावर दोन-तीन सराव चाचण्या पूर्ण वेळ लावून दिलेल्या असतील तर हा सगळा भाग हाताच्या सवयीचा होतो. मोबाइलवर दिलेल्या चाचण्यांनी ही सवय लागत नाही.

वेळेचे गणित दोन भागांत पूर्णपणे वेगळे आहे. पहिल्या 90 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 54 सेकंद. गणितात 50 प्रश्नांना 90 मिनिटे, म्हणजे प्रत्येकी 108 सेकंद. पहिल्या भागात वाचवलेला वेळ गणिताला वापरता येत नाही आणि पहिला भाग संपला की त्याच्याकडे परत जाता येत नाही. म्हणून ‘हे नंतर बघू’ या वाक्याला पहिल्या भागात 90 मिनिटांचीच मुदत आहे. माझा विषय भौतिकशास्त्र असूनही मी मुलांना रसायनशास्त्रापासून सुरुवात करायला सांगतो. त्यातील बरेच प्रश्न आठवणीवर सुटतात, 30 ते 35 मिनिटांत पूर्ण होतात आणि भौतिकशास्त्रातील आकडेमोडीला निवांत वेळ उरतो. ज्याचे भौतिकशास्त्र फार पक्के आहे त्याने उलटा क्रम ठेवला तरी हरकत नाही, मात्र तो क्रम सराव चाचण्यांत ठरलेला असावा, केंद्रावर ठरवू नये.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तरीही कोरे प्रश्न सोडून येणारी मुले मला दर वर्षी भेटतात आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. चार पर्यायांपैकी नुसता अंदाज लावला तरी 20 प्रश्नांत सरासरी 5 उत्तरे बरोबर येण्याची शक्यता असते, आणि दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर ती दुप्पट होते. प्रत्येक भागातील शेवटची चार मिनिटे यासाठीच राखून ठेवावीत. पडद्याच्या कोपऱ्यातील उलटी मोजणी पाहत राहावे आणि उरलेले सगळे प्रश्न भरून टाकावेत.

मध्येच संगणक बंद पडला किंवा पडदा गोठला तर स्वतः काहीही दाबत बसू नये, कळफलकाला तर हातही लावू नये. हात वर करून पर्यवेक्षकांना बोलवावे. साठवलेली उत्तरे सर्व्हरवर असतात आणि पुन्हा लॉगिन केल्यावर पेपर थांबला तेथून सुरू होतो. सुरू झाल्यावर उरलेला वेळ आणि हिरव्या खुणांची संख्या जुळते का ते पाहावे, आणि फरक वाटल्यास तेथल्या तेथे सांगावे. बाहेर आल्यावर केलेल्या तक्रारीला आधार देणे कठीण जाते.

वेळ संपली की पेपर आपोआप बंद होतो. आकडेमोडीचा कागद परत द्यावा आणि सांगितल्याखेरीज जागेवरून उठू नये. बाहेर मुलांचे घोळके उत्तरे ताडून पाहत असतात. त्यांत वेगळ्या सत्रातील मित्रांशी पेपर सोपा-अवघड असल्याची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के विद्यार्थ्यांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत हे सांगणारा आकडा, आपल्या सत्रात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत काढला जातो, त्यामुळे आपला पेपर अवघड होता तर तो त्या सत्रातील सर्वांनाच अवघड होता. पालकांनीही फाटकावरच ‘किती सुटले?’ असे विचारू नये. आधी पाणी द्यावे, जेवायला घालावे. काही दिवसांनी प्रश्न, आपण दिलेली उत्तरे आणि उत्तरतालिका विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये उपलब्ध होते आणि शुल्क भरून ठरावीक मुदतीत आक्षेप नोंदवता येतो. ते काम त्या वेळी पुस्तक शेजारी ठेवून करावे. तोपर्यंत प्रवेशपत्र जपून ठेवावे, आणि पीसीबी गटाचीही परीक्षा द्यायची असेल तर तिचे प्रवेशपत्र वेगळे असते, केंद्रही दुसरे असू शकते, म्हणून त्यावरचा पत्ता आणि वेळ पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावी.