बोबडं बोलणं सुटलं त्याची गोष्ट

मुलगी साडेचार वर्षांची. बोलणं एकदम स्पष्ट, 'ळ'सुद्धा नीट. धाकटा भाऊ झाला आणि दोन महिन्यांत बाईसाहेब बोबड्या झाल्या. "आई, मला तदेवल घे." दिवसभर तेच, वर नाकातला सूर. आधी हसलो (तिथेच चुकलं), मग ओरडलो. ओरडल्यावर तर दुप्पट.

मग लक्षात आलं, हा सूर लागतो तो बाळ माझ्या मांडीवर असतानाच. भावंडं आलं की मोठं मूल असं मागे जातं हे ऐकून होते. स्वतःच्या घरात ओळखायला मात्र वेळ लागला.

टोकणं बंद केलं. "तदेवल घे" आलं की मी फक्त म्हणायची, "कडेवर घेऊ? ये." दुरुस्ती माझ्या वाक्यात, "नीट बोल" अजिबात नाही. नवऱ्यालाही तिची नक्कल करू नको म्हणून बजावलं. ते जास्त अवघड गेलं. शिवाय रात्री झोपताना दहा मिनिटं 'बाळ-बाळ' खेळ. तेव्हा हवं तेवढं बोबडं बोल, मीही बोलते. तिसऱ्या रात्री तीच वैतागली, "आई, नीट बोल ना, कळत नाही मला!"

पाचेक आठवड्यांत ते फक्त दमल्यावर उरलं.

हे अर्थात नीट बोलता येणाऱ्या मुलांचं. मुळात उच्चारच जमत नसतील किंवा मूल शब्दावर अडखळत असेल, तर घरगुती प्रयोग न करता वाचातज्ज्ञांना दाखवा.

काल ती धाकट्याला 'कडेवर' म्हणायला शिकवत होती. तो नुसती लाळ गाळत होता.