अळीचं औषध फेल गेलं म्हणताय? आधी ट्रायलमधल्या या चुका टाळा

संत्रा, मोसंबी, लिंबू कुठलीही बाग घ्या, दोन-तीन औषधं शेजारी-शेजारी मारून बघितली की लगेच निकाल लागतो असं वाटतं, पण बऱ्याचदा औषध नाही तर आपली मोजणीच नापास झालेली असते.

सगळ्यात मोठा घोळ फवारणीच्या आधीच होतो. लिंबावरच्या फुलपाखराची पानं खाणारी अळी लहान असते तेव्हा तपकिरी-पांढरी, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि आपण ती सोडून पुढे जातो. मोठी झाली की हिरवी होते, मग सातव्या दिवशी ज्या वाचल्या त्या नजरेत भरतात आणि वहीत आकडा आधीपेक्षा जास्त! मी स्वतः असा घोळ घातलाय. आता शंका आली की बारीक काडीने हळूच डिवचतो, डोक्यामागून केशरी-लालसर शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला की समजायचं, अळीच आहे.

नागअळीचं वेगळंच. तिने पानात केलेली वेडीवाकडी चंदेरी रेघ औषधाने पुसली जात नाही, त्यामुळे रेघा मोजल्या तर सगळी औषधं बेकारच ठरणार. भिंगातून बघून आतली जिवंत अळी मोजा, पानाची कड दुमडलेली असेल तर तिथे कोष असू शकतो तेही बघा. आणि फवारणीआधीच कोवळ्या पानांना टॅग लावा, कारण 14 दिवसांत नवी पालवी फुटते, तिला औषध लागलेलंच नसतं आणि आपण तिच्यावरची अळी बघून औषधाला शिव्या देतो.

दुसऱ्या दिवशी निकाल लावू नका. बीटी (जिवाणूपासून बनवलेलं अळीनाशक) अळीच्या पोटात गेल्यावरच काम करतं, खाणं लवकर थांबतं पण मरायला दोन-तीन दिवस जातात. कात टाकण्यात अडथळा आणणाऱ्या औषधांना तर अजून वेळ लागतो. बीटी उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून ते संध्याकाळी मारलेलं बरं. पंप नीट धुवा आणि दोन औषधांच्या मधे बिनमोजणीची झाडं सोडा, वाऱ्याने औषध उडतंच.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी औषधाशिवाय नुसतं पाणी मारलेली झाडं. औषधात स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) असेल तर कंट्रोलच्या पाण्यातही तेवढाच स्टिकर पाहिजे. डब्यात पानं औषधात बुडवून टेस्ट करत असाल तर साध्या पाण्यातल्याही काही अळ्या मरतात, कधी पान सुकलेलं असतं तर कधी बागेतून आणतानाच अळीच्या पोटात परजीवी असतो. समजा कंट्रोलमध्ये 10 टक्के मेल्या आणि औषधात 70, तर कंट्रोलची मर वजा करणाऱ्या ॲबटच्या सूत्राने (70 वजा 10) भागिले (100 वजा 10), म्हणजे खरा परिणाम साधारण 67 टक्के, 70 नाही. कंट्रोलची मर 20 टक्क्यांच्या वर गेली तर सूत्र लावत बसू नका, एकसारख्या आकाराच्या ताज्या अळ्या आणा आणि टेस्ट परत लावा.