डाळिंबातील सुरसा अळीसाठी ट्रायकोकार्ड कसे लावावे

ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक आत वाढत असलेली दुसऱ्या किडीची अंडी चिकटवलेले कार्ड) लावूनही फळे पोखरली, ही तक्रार आली की बहुतेक वेळा कार्ड उशिरा लागलेले असते.

सुरसाची मादी फुलपाखरे फुलांवर आणि कोवळ्या फळांवर एकेक सुटे अंडे घालतात. आठवडा-दहा दिवसांत अळी निघते आणि फळात शिरते. त्यानंतर ट्रायकोग्रामाचा काही उपयोग नाही, कारण हा मित्रकीटक फक्त अंड्यावर जगतो. जेमतेम अर्धा मिलिमीटरची ही माशी (गांधीलमाशीच्या गणातली असली तरी माणसाला डंख मारत नाही) सुरसाच्या अंड्यावर चढते, मिशांनी ते चाचपून आकाराचा अंदाज घेते आणि अंडनलिका खुपसून आत स्वतःची अंडी घालते. तिची पिले आतला द्रव खातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडे काळे पडते, आणि साधारण आठ ते दहा दिवसांत बारीक गोल छिद्र पाडून नवी माशी बाहेर येते. यजमान अंडे ताजे असेल तेवढे बरे. आत अळी तयार झाली की ते वाया गेले.

१. वेळ: बहारातली फुले दिसू लागताच पहिले कार्ड लावा. मृग बहारात जास्त जागरूक राहा. प्रकाश सापळ्यावर विसंबू नका, सुरसाचे फुलपाखरू दिवसा उडते.

२. मागणी: ट्रायकोग्रामा चिलोनिस मागा. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात. एकरी १ लाख, म्हणजे ५ कार्डे, १० दिवसांच्या अंतराने ४ वेळा. वीसच्या वीस कार्डे एकदम आणून ठेवू नका. माश्या निघण्याची तारीख कार्डावर पाहून घ्या. दोन-चार दिवस ठेवावेच लागले तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

३. लावणी: प्रत्येक कार्डाच्या १२ पट्ट्या कापा, एकरी ६० होतात. ४.५ × ३ मीटर लागवडीत एकरी सुमारे ३०० झाडे बसतात, म्हणजे दर पाचव्या झाडाला एक पट्टी. माशी फार लांब जात नाही, त्यामुळे बांधावरच सगळी कार्डे टाचून काम होत नाही. संध्याकाळी, झाडाच्या आतल्या बाजूला, पानाच्या खालून स्टेपलरने टाचा. कडक उन्हात अंडी वाळतात.

४. फवारणी: लावण्याआधी आणि नंतर किमान आठवडाभर रासायनिक कीटकनाशक नको. सिंथेटिक पायरेथ्रॉइडचा अंश तर त्याहून जास्त टिकतो. गंधकाकडे बुरशीनाशक म्हणून दुर्लक्ष होते, पण तेही या माशीला मारते. बीटी (अळ्यांना मारणारे जिवाणूजन्य कीटकनाशक) चालते.

५. तपासणी: माश्या निघण्याच्या तारखेनंतर तीन-चार दिवसांनी पट्टी भिंगाखाली धरा. काळ्या अंड्यांना छिद्रे असतील तर माश्या निघाल्या. छिद्रे नसतील तर उष्णतेने किंवा जुनेपणाने माल मेला. अंडीच गायब असतील तर मुंग्यांनी खाल्ली. डाळिंबाला चार-पाच खोडे असल्याने प्रत्येकाला ग्रीसचा पट्टा लावणे जिकिरीचे. मुंग्यांची रांग असलेले झाड सोडून शेजारचे निवडणे सोपे.

भोकातून विष्ठा येणारी, कुजका वास मारणारी फळे दर आठवड्याला वेचून खोल पुरा. अळी बरेचदा त्याच फळात कोषात जाते, आणि ते झाडावर राहिले तर पुढचे फुलपाखरू तिथूनच निघते.