रॅम ओव्हरक्लॉक केली आणि पीसी सुरूच होईना? या चुका टाळा

बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम मूळ वेगाऐवजी खोक्यावर लिहिलेल्या जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग, चालू केलं, सेव्ह केलं, पीसी रीस्टार्ट झाला आणि स्क्रीन काळी. इथे बहुतेक जण लगेच पॉवर बटण दाबून धरतात. तसं करू नका!

डीडीआर५ रॅममध्ये, त्यातही एएम५ बोर्डावर (एएमडीचे रायझन ७००० सारखे प्रोसेसर बसतात त्या), मेमरीची सेटिंग बदलली की पुढच्या बूटला ट्रेनिंग चालतं. मेमरी कंट्रोलर आणि रॅम यांच्यातल्या सिग्नलची वेळ बोर्ड तपासून जुळवून घेतो. त्याला काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. तोवर स्क्रीनवर काहीच येत नाही, फक्त पंखे फिरतात आणि बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला असतो.

मित्राच्या मुलाने रायझन ७००० चा नवा पीसी जोडला. दर अर्ध्या मिनिटाला तो मशीन बंद करायचा, त्यामुळे ट्रेनिंग दरवेळी पहिल्यापासून. शेवटी कुठलासा व्हिडिओ बघून त्याने प्रोसेसरच काढला. एएम५ च्या पिना सॉकेटमध्ये असतात. बसवताना प्रोसेसर हातातून निसटला आणि पिना वाकल्या. तीच रॅम मी दुसऱ्या बोर्डावर लावली, तेच एक्सपो चालू केलं आणि चहा ठेवायला गेलो. परत आलो तर विंडोज सुरू झालेलं. थोडा दम धरला असता तर त्याचा बोर्ड वाचला असता. म्हणून माझा नियम : किमान १० मिनिटं हात लावायचा नाही.

त्यानंतरही काही हललं नाही तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा. आधी मागचा स्विच बंद, केबल बाहेर, मग पॉवर बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या आणि त्यानंतरच बोर्डावरच्या सीमॉस जंपरला (दोन पिना जोडून सेटिंग पुसायची सोय) हात लावा. केबल तशीच ठेवून बॅटरी उपटणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो. तरीही बूट नाही झालं तर रॅमची एकच स्टिक ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये.

रॅमची दोन वेगवेगळी किट (एका खोक्यात एकत्र विकलेल्या स्टिक) एकत्र लावू नका, मॉडेल नंबर एक असला तरी.

चार स्टिक लावून खोक्यावरच्या ६००० एमटी/सेकंद वेगाची अपेक्षा धरू नका. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२००, चारला ३६०० आहे.

वेग, टायमिंग, व्होल्टेज एकदम बदलू नका. कुणाचे तरी व्होल्टेजचे आकडे उचलून टाकणं तर त्याहून वाईट. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळल्याचे प्रकार समोर आले, तेव्हा एएमडीला नव्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ व्होल्टवर रोखावं लागलं.

आणि माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक : ‘विंडोज आलं, म्हणजे झालं.’ नाही झालं. कच्ची, म्हणजे वाढवलेल्या वेगावर नीट न टिकणारी रॅम चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर लिहिते. फोटो, झिप फायली, विंडोजच्या स्वतःच्या फायली हळूहळू बिघडतात आणि नंतर वेग कमी केला तरी त्या दुरुस्त होत नाहीत. मग पीसी बूटच्या मध्येच अडकतो आणि लोक रॅमला सोडून एसएसडीला दोष देतात. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाका, रात्रभर चालू द्या. एक एरर आली तरी ती सेटिंग नापास. नवं विंडोज टाकताना आणि बायोस अपडेट करताना रॅम मूळ वेगावरच ठेवा.

मूळ वेगावरही एरर येत असेल तर प्रत्येक स्टिक त्याच स्लॉटमध्ये एकेकटी तपासा. खराब स्टिक सापडली तर वॉरंटीला पूर्ण किट पाठवा, सुटी स्टिक नको.