कमाटीबागेत झाडावरचा सरडा कसा न्याहाळावा

बडोद्याच्या कमाटीबागेत सरडा नीट पाहायचा असल्यास पावसाळ्याच्या तोंडी, ऊन कोवळे असताना जावे, कारण अंग तापेपर्यंत तो खोडाला चिकटून निश्चल असतो. थेट समोरून जाऊ नये. चाहूल लागताच तो खोडाच्या पलीकडे सरकतो आणि आपण फेरी मारू तसा तोही फिरत राहतो, म्हणून दोघांनी दोन बाजूंना उभे राहणे उत्तम. विणीच्या काळात नराचा गळा लालभडक होतो व तो पुढचे पाय ताठ करून अंग वरखाली हलवतो. (तो विषारी असल्याची समजूत निव्वळ खोटी आहे.) मादी माती उकरताना दिसली तर मागे हटावे, कारण ती तेथे अंडी घालून बुजवते, मेक्सिको-ग्वाटेमालाच्या मेघवनांतले वृक्षवासी अब्रोनिया सरडे मात्र थेट पिल्लांनाच जन्म देतात.