इटालियनमधील न बदलणारी विशेषणे कशी ओळखावीत

विशेषणाने नामाप्रमाणे रूप बदलावे, याचे मराठी माणसाला नवल वाटत नाही. निळा सदरा, निळी साडी, निळे कापड हे आपण रोजच म्हणतो. इटालियनमध्येही 'लाल' या अर्थाच्या विशेषणाची रोस्सो, रोस्सा, रोस्सी, रोस्से अशी चार रूपे होतात, तर 'हिरवा' या अर्थाचे 'वेर्दे' अनेकवचनात 'वेर्दी' होते. अडखळायला होते ते या दोन्ही साच्यांत न बसणाऱ्या अविकारी विशेषणांपाशी.

सर्वप्रथम, रंगाचा शब्द मुळात नाम आहे का, ते पाहावे. 'रोझा' म्हणजे गुलाबाचे फूल आणि 'वियोला' हेही एका जांभळ्या फुलाचे नाव. ही नामे रंगासाठी उसनी घेतलेली असल्याने ती बदलत नाहीत. शेवटच्या 'आ'वरून त्यांना स्त्रीलिंगी समजू नये, कारण आपल्या 'गुलाबी'च्या शेवटी 'ई' असली तरी सदरा काही 'गुलाबा' होत नाही. म्हणून पुल्लिंगी पोशाखही 'वेस्तीतो रोझा'च. नियम पाळण्याच्या उत्साहात शेवटी 'ओ' लावला, तर लिहिलेला शब्द 'कुरतडलेला' या अर्थाचा होतो आणि पोशाख उंदरांच्या तावडीतून सुटल्यासारखा वाटतो! 'जिरो दी'तालिया' या सायकल शर्यतीत आघाडीवरचा स्पर्धक १९३१ पासून 'माल्या रोझा', म्हणजे गुलाबी जर्सी घालतो; जर्सी अनेक असल्या, तर 'माल्ये रोझा' म्हणावे. फुटबॉलमध्ये हा फरक आणखी स्पष्ट दिसतो: आकाशी रंगाच्या 'आद्झुर्रो'वरून राष्ट्रीय संघाचे खेळाडू 'आद्झुर्री' होतात, पण फ्लॉरेन्सच्या फिओरेंतिना संघाचे खेळाडू 'वियोला'च राहतात.

त्यानंतर रंगाला छटा जोडली आहे का, हे तपासावे. हिरवे स्कर्ट 'गोन्ने वेर्दी', परंतु फिकट हिरवे स्कर्ट 'गोन्ने वेर्दे क्यारो', कारण छटा जोडताच एरवी बदलणारे विशेषणही स्थिर होते आणि छटेचा शब्दही बदलत नाही. मोतिया करड्या भिंतींना याच न्यायाने 'पारेती ग्रिजो पेर्ला' म्हणतात.

'ब्लू', 'बेज', 'शिक', 'स्नोब' असे बाहेरून आलेले शब्द, तसेच 'पारी' (सम) आणि 'दिस्पारी' (विषम) सरळ पाठ करावेत. तपकिरी 'मार्रोने' आणि नारिंगी 'आरांचोने' यांच्याबाबत मात्र फार काटेकोर राहू नये. अनेकवचनात 'मार्रोनी', 'आरांचोनी' हीही रूपे चालतात.

शेवटी 'ओन्यी' (प्रत्येक) आणि 'क्वाल्के' (काही) यांच्यापुढचे नाम एकवचनीच ठेवावे. मनात पुस्तके अनेक असली, तरी 'क्वाल्के लीब्रो' असेच लिहावे. 'क्वाल्के लीब्री' ही चूक ठरते.