पॅराग्लायडिंगच्या छोट्या व्यवसायाची जाहिरात करताना या चुका टाळा

पाऊस ओसरून कामशेतच्या आसपासच्या डोंगरांवर पहिले रंगीत पंख दिसू लागले की मला तरुण मंडळींचे फोन येऊ लागतात. दोन टँडम पंख (पायलटबरोबर एका प्रवाशालाही नेणारे पॅराग्लायडर) घेतले आहेत, टँडमचे रेटिंग म्हणजे प्रवासी घेऊन उडण्याचा परवाना असलेला मित्र सोबत आहे, डोंगरावर जाण्यासाठी जीपही आहे. आता फक्त जाहिरात कशी करायची तेवढे सांगा, असे त्यांचे म्हणणे असते. मावळात बारा हंगाम हा व्यवसाय केल्यानंतर त्या ‘फक्त’ या शब्दाची मला धास्ती वाटते. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत आणि म्हणूनच त्या दुसऱ्याला करताना पाहिले की चीड जरा जास्तच येते. आपला धंदा वाऱ्याच्या मर्जीवर चालतो, ही गोष्ट ग्राहकापासून लपवण्याची धडपड या जवळजवळ सगळ्या चुकांच्या मुळाशी असते.

‘हमखास पंधरा मिनिटे’

ही चूक सर्वांत महागडी असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहितो. पॅराग्लायडरला इंजिन नसते आणि स्थिर हवेत तो सतत खाली येत असतो. दोन माणसांचे वजन पेललेला टँडम पंख सेकंदाला साधारण एक ते सव्वा मीटर उतरतो. टेक-ऑफची जागा उतरण्याच्या शेतापेक्षा शंभर मीटर उंच आहे असे धरले, तर वारा नसताना सगळे उड्डाण दीड मिनिटात आटोपते. वारा डोंगराच्या उतारावर समोरून आदळून वर चढू लागला, तरच त्या चढत्या हवेच्या पट्ट्यात इकडून तिकडे फिरत पायलट दहा, पंधरा, वीस मिनिटे वर राहू शकतो. म्हणजे एकाच डोंगरावरून, त्याच पायलटबरोबर आणि तेवढ्याच पैशांत एका ग्राहकाला दीड मिनिट मिळते, तर दुसऱ्याला वीस. हे गणित शिकाऊ पायलटलाही पाठ असते. जाहिरात लिहायला बसल्यावर मात्र त्याचा सोयीस्कर विसर पडतो.

माझ्या दुसऱ्या हंगामात मी पत्रकावर ठळक अक्षरांत ‘१५ मिनिटांचे हमखास उड्डाण’ असे छापले होते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पुण्याहून एका कंपनीची अठरा माणसे आली. दुपारी त्यांना दुसरीकडे जेवायला जायचे असल्यामुळे सकाळी नऊची वेळ त्यांनीच मागितली होती आणि मोठी नोंदणी हातची जाऊ नये म्हणून मी ती मान्य केली. त्या दिवशी सकाळी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवणारी कापडी नळी, काठीला चिकटून लोंबत होता. आम्ही अकरापर्यंत थांबलो, तेव्हा कुठे जेमतेम पंख उचलला जाईल एवढी झुळूक आली आणि सगळे घाई करू लागले म्हणून आम्ही उड्डाणे सुरू केली. पहिले गृहस्थ धावले, उडाले आणि त्यांच्या मित्राने मोबाइलवर वेळ लावून दिली, ती एक मिनिट चाळीस सेकंद भरली. सहाव्या माणसानंतर त्यांच्या प्रमुख बाईंनी मला बाजूला घेतले आणि अगदी शांतपणे विचारले की, पंधरा मिनिटांचे पैसे घेऊन तुम्ही आम्हाला दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ देत आहात, तर उरलेल्या मिनिटांचा हिशेब कसा करायचा? माझ्याकडे उत्तर नव्हते. सहा जणांचे निम्मे आणि उरलेल्या बारा जणांचे पूर्ण पैसे परत करून मी त्यांना वाटेला लावले. दुपारी साडेतीनला त्याच टेक-ऑफवर असा सुरेख वारा लागला की माझ्या पायलटने शेजारच्या गावातल्या एका आजोबांना हौसेखातर नेले, ते पंचवीस मिनिटे खाली उतरायला तयार नव्हते.

तेव्हापासून माझ्या पत्रकावर पहिलीच ओळ अशी असते : ‘वारा नसल्यास दीड ते दोन मिनिटे, चांगला वारा असल्यास दहा ते वीस मिनिटे, वारा अति असल्यास उड्डाण रद्द आणि पैसे परत.’ पॅराग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी ३६ ते ४० किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे समोरून तेवढाच वारा आला तर तो जागच्या जागी थांबतो आणि त्याहून अधिक आला तर मागे ढकलला जातो, हे मी दोन वाक्यांत तिथेच समजावतो. वेळ कुणी सांगायची, हा प्रश्न मी ग्राहकावर सोडत नाही. नोंदणी दिवसाची होते आणि तास मी आदल्या रात्री कळवतो. असे लिहिल्याने पहिल्या वर्षी नोंदण्या कमी झाल्या, हे खरे आहे. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी नौकाविहाराचा धंदा करावा, तिथे तळे जागेवर असते.

कोलांट्यांचे रील

दुसरी आवडती चूक मोबाइलमुळे आलेली आहे. प्रत्येक नव्या व्यावसायिकाला वाटते की पायलटने पंख डावी-उजवीकडे उभा कलंडवला, प्रवासी किंचाळला आणि मागे मोठ्याने संगीत वाजले की जाहिरात झाली. आमच्याकडच्या एका तरुण पायलटने असेच विंगओव्हर करून एक व्हिडिओ टाकला आणि तो खरोखर लाखभर लोकांनी पाहिला. पुढचे तीन आठवडे फोन खणखणत राहिले. पण ते फोन होते अशा मुलांचे, ज्यांना उलटे व्हायचे होते, चौघांत एक फुकट हवे होते आणि वाऱ्यासाठी तासभर थांबायची तयारी मुळीच नव्हती. त्याच काळात आधी ठरलेल्या तीन कुटुंबांनी नोंदणी रद्द केली. त्यांपैकी एका निवृत्त शिक्षिकेने साठीनिमित्त उडायचे ठरवले होते. “मुलीने तुमचा तो व्हिडिओ दाखवला हो, आता घरचे पाठवायला तयार नाहीत,” असे त्यांनी ओशाळून सांगितले, तेव्हा ओशाळायला मी हवे होते.

छोट्या टँडम व्यवसायाचा खरा ग्राहक पन्नाशीचा वाढदिवस साजरा करणारा काका, माहेरी आलेली बहीण आणि तिला घेऊन आलेला भाऊ असा असतो. त्याला थरार पाहायचा नसतो. आपल्याला हे झेपेल का, एवढेच जाणून घ्यायचे असते. म्हणून मी धावण्याचा व्हिडिओ दाखवतो. टेक-ऑफच्या वेळी बहुतेक प्रवासी पाय जमिनीवर असतानाच हार्नेसमध्ये (पंखाला जोडलेल्या पट्ट्यांच्या आसनात) बसून टाकतात आणि सगळा घोळ तिथे होतो, त्यामुळे पायलट “पळा, पळा, बसू नका!” असे ओरडतो आहे आणि साडीवर ट्रॅकपँट चढवलेल्या एक काकू खरोखर पळत सुटल्या आहेत, हे माझे आतापर्यंतचे सर्वांत उपयोगी चित्रण ठरले. ते पाहून आलेला माणूस डोंगरावर येण्याआधीच अर्धे प्रशिक्षण घेऊन आलेला असतो. वाऱ्याची वाट पाहत गवतावर बसलेली माणसेही मी त्यात ठेवतो. कंटाळवाणे दिसते असे मुले म्हणतात. तर तसेच दिसायला हवे.

याच ओघात आणखी एक गोष्ट. कामशेतच्या जाहिरातीत बर्फाच्छादित शिखरे दाखवू नयेत. हिमाचल प्रदेशातल्या बीर-बिलिंगचे छायाचित्र उचलणाऱ्याला वाटते की कुणाच्या लक्षात येणार नाही. पण बिलिंगचे टेक-ऑफ सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे आणि तिथले उतरण्याचे मैदान त्याच्या जवळपास हजार मीटर खाली आहे, तर आपले डोंगर पवनेच्या आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातले, भातखाचरांच्या शेजारचे आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे या उचलेगिरी करणाऱ्यांनी एकदा वाचून घ्यावे.

सवलतीची घाई

हंगामाच्या सुरुवातीलाच ‘दसरा धमाका, निम्म्या दरात’ असे फलक लावण्याची पद्धत पडली आहे. तिचा तोटा केवळ पैशांचा नाही. निम्म्या दरात तेवढीच कमाई करायची तर दिवसाला दुप्पट उड्डाणे करावी लागतात, आणि दुप्पट उड्डाणांचा आकडा डोक्यात घेऊन डोंगरावर उभा असलेला माणूस विंडसॉककडे पाहत असला तरी त्याला तो दिसत नाही. वारा वाढल्यावर थांबायचा निर्णय खिसा मोकळा असेल तरच लवकर घेता येतो. शिवाय दसऱ्याच्या सुमारास मावळातल्या शेतांत इंद्रायणी भात उभा असतो. उतरण्याच्या जागा तोवर अरुंद असतात, आणि सवलतीने जमवलेली गर्दी कुणाच्या तरी खाचरातून चालत जाते. शेतकरी एकदा बिनसला की त्या शेतात पुढची कित्येक वर्षे उतरता येत नाही. मी नोव्हेंबरात कापणी आटोपेपर्यंत जाहिरातच करत नाही. जुन्या ओळखीतून जे येतात, त्यांच्यावर भागवतो.

ऑनलाइन नोंदणी करून देणारे मध्यस्थ हा याच घाईचा दुसरा प्रकार आहे. एकाने माझ्याकडे पंचवीस टक्के मागितले, तेही मी दिले असते. पण त्याच्याकडून आलेल्या ग्राहकाला वाऱ्याचे काही सांगितलेले नसे, वजन विचारलेले नसे आणि त्याचा फोन नंबरही मला आदल्या संध्याकाळपर्यंत मिळत नसे. मग रद्द झाल्याचा निरोप मी कुणाला द्यायचा?

वजन न विचारणे

लोकांना वजन विचारण्याचा संकोच वाटतो म्हणून नोंदणीच्या वेळी ते विचारले जात नाही, आणि मग डोंगरावर चारचौघांसमोर माणसाला परत पाठवण्याची वेळ येते, जी त्याच्यासाठी कितीतरी अधिक अपमानाची असते. प्रत्येक पंखाची वजनमर्यादा ठरलेली असते आणि तीत प्रवासी, पायलट व सगळे सामान धरलेले असते. पंखाची कमाल मर्यादा २२० किलो असेल, पायलट पंचाहत्तर किलोचा असेल आणि पंख, हार्नेस, रिझर्व्ह (आणीबाणीसाठीचे) पॅराशूट मिळून वीस-पंचवीस किलो होत असतील, तर प्रवाशासाठी एकशेवीस उरतात. पण ते कागदावर. वारा मंद असताना तेवढ्या वजनाच्या माणसाला घेऊन धावणे दोघांनाही जड जाते, म्हणून माझी स्वतःची मर्यादा पंचाण्णव आहे आणि ती पत्रकावर छापलेली आहे. लहान मुलांच्या बाबतीत उलटी अडचण येते : एकूण वजन किमान मर्यादेखाली गेले की पंख हवेत नीट ताणला जात नाही. आमच्या जीपमध्ये एक वजनकाटा असतो आणि त्यावर सर्वांत आधी मी उभा राहतो.

थोडक्यात काही

गूगल मॅपवर खूण टेक-ऑफची न ठेवता भेटण्याच्या जागेची ठेवावी. एका रविवारी पाच मोटारी माझ्या चुकीच्या खुणेमुळे बैलगाडीच्या वाटेवर अडकल्या होत्या आणि त्या काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला.

ग्लायडर, पॅराग्लायडर, पॅरामोटर आणि पॅरासेलिंग यांतला फरक जाहिरातीत एकदा स्पष्ट लिहावा. हडपसरला विंचने (जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) ओढून वर सोडलेली पांढरी ग्लायडर विमाने पाहिलेली पुणेकर मंडळी आमच्याकडे येऊन “विमान कुठे आहे?” असे विचारतात, तर कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन आलेली माणसे बोट शोधतात.

‘प्रमाणित पायलट’ या शब्दांना काही अर्थ नाही. परवाना कोणत्या संस्थेचा आहे आणि तो एकट्याने उडण्याचा आहे की प्रवासी घेऊन उडण्याचा, हे लिहावे. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आले आहे. त्याखालची नोंदणी झाली नसेल तर जाहिरातीचा विचार नंतर करावा.

जून ते सप्टेंबर जाहिरात बंद ठेवावी आणि पंख तपासायला पाठवावेत.

वाईट अभिप्रायाला रात्री उत्तर देऊ नये.

‘शंभर टक्के सुरक्षित’

हे तीन शब्द मी कुणाच्याही फलकावर पाहिले की त्याच्याबरोबर उडू नये असे मला वाटते. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातल्या केरी येथे टँडम उड्डाणात पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट, दोघेही दगावले. त्यानंतरच्या आठवड्यात आलेला जवळजवळ प्रत्येक फोन त्याविषयी होता. तेव्हा अनेक व्यावसायिकांनी ‘आमच्याकडे असे काही होत नाही’ असे संदेश पाठवले. मला ते उद्धटपणाचे वाटले आणि धंद्याच्या दृष्टीनेही बिनडोकपणाचे वाटले, कारण घाबरलेल्या माणसाला धीर हवा असला तरी त्याला खोटे ओळखता येते. मी प्रत्येकाला आमची कामाची पद्धत सांगितली : रिझर्व्ह पॅराशूट किती महिन्यांनी उघडून पुन्हा घडी करतो, पंख किती तास उडालेला आहे, कोणत्या वाऱ्याला थांबतो, आणि टेक-ऑफवर हार्नेसचे पट्टे पायलटव्यतिरिक्त दुसरा माणूसही तपासतो. एवढे ऐकूनही काहींनी नको म्हटले. त्यांचे पैसे त्याच दिवशी परत केले.

पैसे परत करण्याबाबत माझा नियम साधा आहे. उड्डाण वाऱ्यामुळे रद्द झाले, तर ग्राहकाची गाडी जुन्या पुणे-मुंबई महामार्गाला लागण्याआधी रक्कम त्याच्या खात्यात गेलेली असावी. पुढच्या वेळचे कूपन, अर्धी रक्कम, ‘आठवड्याभरात पाठवतो’ हे प्रकार मी करून पाहिले आणि सोडून दिले. परत आलेल्या पैशांचा संदेश मोबाइलवर वाजतो, तेव्हा तो माणूस सहसा आमच्या शेडमध्ये पोहे खात असतो, आणि त्याच वेळी मी त्याला विचारतो की पुढल्या रविवारी दुपारी तीनला येणार का.